बेमालूम जोड आणि सत्य

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या असंख्य घरांची छते मुद्दाम खरबरीत ठेवलेली आहेत. कुठे जिप्सम बोर्डावर दाणेदार थर फवारलेला असतो, तर कुठे ओल्या पुट्टीचे फवारलेले थेंब रुंद पत्तीने हलकेच चपटे केलेले असतात. घराचे नूतनीकरण करताना एखादी भिंत निघते, दिव्यांच्या जागा बदलतात किंवा गळतीने फुगलेला बोर्ड कापावा लागतो. नवा तुकडा बसवणे सोपे असते. तो जुन्याशी जुळवणे अवघड. दाणा तेवढ्याच जाडीचा हवा, नवा थर जोडाच्या कडेशी तुटक न थांबता पुढे विरळ होत गेला पाहिजे आणि शेवटी रंग संपूर्ण छताला द्यावा लागतो. खिडकीतून तिरपा उजेड आला की कसर उघडी पडते. दुरुस्ती नेमकी कुठे झाली हे शोधूनही सापडू नये, हीच कारागिराची कसोटी.

मोडलेले मोडलेच नव्हते असे भासवण्यात हे कौशल्य खर्ची पडते. मग त्यात असत्य आहे का?

कलावस्तूंच्या जतनशास्त्राने या प्रश्नाला कडक उत्तर दिले आहे. 1964 च्या व्हेनिस सनदेनुसार, हरवलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकूण कृतीशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. इटालियन विचारवंत चेझारे ब्रांदी यांच्या परंपरेत चित्रातील रिकाम्या जागा बारीक उभ्या रेघांनी भरतात. लांबून चित्र अखंड वाटते आणि जवळ गेल्यावर दुरुस्ती स्वतःच दिसते. 26 सप्टेंबर 1997 रोजी भूकंपाने असिसीच्या संत फ्रान्सिस बॅसिलिकेच्या छताचे काही भाग कोसळले, चार माणसे दगावली आणि चिमाब्वे या चित्रकाराच्या संत मॅथ्यूच्या चित्राचा चुरा झाला. वेचलेले तुकडे जुळवून ते चित्र 2006 मध्ये पुन्हा छतावर चढवले गेले, पण जे सापडले नाही ते मूळच असल्यासारखे रंगवले गेले नाही. भाविकाची श्रद्धा आणि अभ्यासकाची नजर, दोन्ही तिथे मूळ हाताच्या खुणेवर विसंबतात. तिची नक्कल म्हणजे खोटी साक्षच.

घराच्या छताला हा नियम लावणे चुकीचे ठरेल, कारण ते कोणाच्या हाताची साक्ष देत नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचा विचार वाणीच्या अंगाने केला आहे: आपल्याला झालेला बोध दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी वाणी असते, म्हणून ती फसवी, भ्रांत किंवा निरर्थक असू नये आणि प्राणिमात्रांच्या हिताची असावी. कांटच्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांतही याच्या जवळ जाणारा भेद आढळतो. सामान बांधताना पाहून लोकांनी प्रवासाचा तर्क केला, तर तो बांधणाऱ्याने उच्चारलेला खोटा शब्द ठरत नाही. जुळवलेले छतही काही सांगत नाही. ते डोळ्याला खटकत नाही, एवढेच. त्यामुळे बेमालूम जोड हे असत्य नव्हे. रोज त्या छताखाली राहणाऱ्यांना स्वस्थता देणारे ते चांगले काम आहे.

मात्र व्यासभाष्याने घातलेली हिताची अट इथे सर्वांत महत्त्वाची ठरते. वरचा पाइप गळत असताना डागावर नवा दाणा चढवणे ही फसवणूकच, कारण तिथे पृष्ठभाग 'आत सर्व ठीक आहे' असे वदवून घेण्यासाठी वापरला जातो. जुन्या छतांत आणखी एक धोका असतो. 1980 पूर्वीच्या दाणेदार थरात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते खरवडताना उडणारे तंतू फुप्फुसाचा कर्करोग घडवू शकतात. नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय अशा छताला हात लावणे म्हणजे कारागिराच्या आणि घरातल्यांच्या जिवाशी खेळणे. घर विकताना तर मौनही पुरेसे नसते: माहीत असलेली गळती खरेदीदाराला लेखी कळवणे अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्याने बंधनकारक आहे.