ढवळाढवळ

एप्रिल १९८५ मध्ये ‘मिस्टर बॅड गाय’ बाजारात आला. फ्रेडी मर्क्युरीचा हा पहिला स्वतंत्र अल्बम. त्याच्या वेष्टनावरच्या आभारांत एक खोडकर ओळ आहे. ‘क्वीन’मधले तीन सहकारी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन, यांचे त्याने खास आभार मानले आहेत, आणि तेही त्यांनी ढवळाढवळ केली नाही याबद्दल. अल्बम त्याने आपल्या जेरी या मांजराला अर्पण केला, सोबत घरातली आणखी तीन मांजरं आणि विश्वातले समस्त मांजरप्रेमी. बाकीचे गेले उडत, असा शेराही तिथेच मारून ठेवला.

मांजरांचं सोडून देऊ. आभारांची ओळ मात्र नुसती थट्टा नाही. जगाच्या दृष्टीने क्वीन म्हणजे फ्रेडी. पण स्टुडिओत शिरल्यावर तो चारांतला एक होता. चौघेही गाणी लिहीत आणि चौघांचीही गाणी गाजली. ‘वुई विल रॉक यू’ मेचं, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ डीकनचं, ‘रेडिओ गा गा’ टेलरचं. आवाज एकाचा, पण कौल चौघांचा. चौघे शहाणे एका खोलीत बसले की काय होतं, हे आपल्याकडे भाऊबंदकीचा अनुभव असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ओढाताण होते, आणि त्या ओढाताणीतूनच क्वीनचा तो भरदार, थोडा आडदांड नाद तयार झाला होता. गायक स्वतंत्र अल्बम करतो तेव्हा त्याला गाण्याची नवी संधी हवी असते असं नाही, गात तर तो असतोच. ठरवण्याचा हक्क हवा असतो.

हा हक्क बजावला जातो मिक्सिंगच्या टेबलावर. मल्टिट्रॅक टेपवर प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर नोंदलेलं असतं, आवाजही वेगळा. कोण पुढे, कोण मागे, कुणाला किती घुमारा, कुणाला गप्प करायचं, हे सगळं नंतर ठरतं. त्या टेपवर गाणं कच्च्या मालासारखं पडून असतं. आपण ज्याला गाणं म्हणतो ती अशा शेकडो निवाड्यांची बेरीज असते. ‘मिस्टर बॅड गाय’चे निवाडे फ्रेडीने आणि त्याचा सहनिर्माता राइनहोल्ड माक याने म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत दिले. साथीला बहुतेक म्युनिकचेच वादक होते, आणि कॅनडाचा कीबोर्डवादक फ्रेड मँडेल.

सत्तरच्या दशकात क्वीन आपल्या वेष्टनांवर तोऱ्यात छापत असे, की या तबकडीत सिंथेसायझर वापरलेला नाही. १९८० च्या ‘द गेम’ने ते व्रत मोडलं, त्या अल्बमचं बरंचसं काम याच स्टुडिओत, याच माकबरोबर झालं होतं. पाच वर्षांनी एकट्याने कारभार हाती घेतल्यावर फ्रेडीने यंत्रांना मोकळं रान दिलं. नाचघराचा ठेका, काचेसारखे चकचकीत सूर, आणि त्यांवर तो अफाट आवाज. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवणाऱ्या फरोख बुलसाराचा, म्हणजे पुढच्या फ्रेडीचा, आपल्याला अभिमान वाटतो, वाटावाही. पण या अल्बममध्ये पाचगणी शोधायला जाऊ नये. हा अल्बम नखशिखांत म्युनिकच्या रात्रींचा आहे.

फ्रेडीच्या स्वतंत्र वाटचालीची सुरुवात दुसऱ्याच्या कलाकृतीच्या डागडुजीतून झाली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. १९७३ मध्ये टोपणनावाने काढलेली एक तबकडी सोडली, तर ‘लव्ह किल्स’ हे त्याचं पहिलं स्वतंत्र गाणं. ते १९८४ मध्ये आलं, संगीतकार जॉर्जो मोरोडरसाठी. मोरोडरने फ्रिट्झ लांगचा १९२७ चा मूकपट ‘मेट्रोपोलिस’ घेतला, त्याच्या चौकटींवर रंग चढवले, त्याला रॉक संगीताची जोड दिली आणि तो पुन्हा पडद्यावर आणला. जाणकारांनी नाकं मुरडली. पुढे २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या एका संग्रहालयात त्या चित्रपटाची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली, आणि १९२७ मध्येच कापून टाकलेले प्रसंग २०१० मध्ये प्रेक्षकांना पुन्हा दिसले. कृती दोन्ही पुनरुज्जीवनाच्याच, पण एकीत हरवलेलं परत आणलं, दुसरीत असलेलं सजवलं.

‘मिस्टर बॅड गाय’मधलं काहीच हरवलेलं नव्हतं. तरीही फ्रेडीच्या मृत्यूनंतर त्याला कुणी स्वस्थ बसू दिलं नाही. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ हे एकटेपणाचं गाणं १९८५ मध्ये ब्रिटनच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकापलीकडे गेलं नव्हतं. इतरांनी नव्या ठेक्यावर बसवल्यावर १९९३ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ आला. ढवळाढवळ न केल्याबद्दल ज्यांचे आभार मानले होते त्याच तिघांनी त्यासाठी ‘मिस्टर बॅड गाय’मधली दोन गाणी उचलली, आवाज तेवढा ठेवला आणि त्याखाली क्वीनची गिटार, क्वीनचा ढोल भरला. ‘आय वॉज बॉर्न टु लव्ह यू’ त्यामुळे निःसंशय दणकट झालं. त्यामागे प्रेम होतं, शोक होता, हे उघड आहे. पण दहा वर्षांपूर्वी त्या खोलीत नसलेल्या तिघांचं मत आता मोजलं गेलं, आणि चौथ्याला उत्तर देता येत नव्हतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘नेव्हर बोअरिंग’ हा संच निघाला. त्यासाठी जस्टिन शर्ली-स्मिथ आणि जोशुआ मॅक्रे यांनी मूळ मल्टिट्रॅक टेप काढून अख्खा अल्बम नव्याने मिक्स केला. काम फार चांगलं आहे. आवाज जवळ येतो, गर्दी निवळते, पियानो मोकळा होतो. नवख्याला मी हीच आवृत्ती ऐकायला देईन. तरीही ती ऐकताना पैठणचे एकनाथ आठवतात. शके १५०६ मध्ये त्यांनी पोथ्या ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये असं बजावलं. नकलाकारांच्या हातून पाठ बिघडला होता, तो त्यांनी मूळ जागी नेला. २०१९ च्या संपादकांपुढे बिघडलेला पाठच नव्हता. मूळ कर्त्याने मान्य केलेली, त्याच्या हयातीत छापलेली प्रत समोर होती. तिला शुद्ध करायचं म्हणजे कर्त्याच्या आवडीनिवडीलाच अशुद्ध ठरवायचं.

आणि या आवडीनिवडी नाइलाजाच्या होत्या, असंही म्हणता येत नाही. जुन्या अल्बमचा कोरडा, यांत्रिक नाद त्या काळच्या तंत्राच्या माथी मारायची आपल्याला सवय आहे. पण शीर्षकगीत ऐकावं. त्यात खराखुरा वाद्यवृंद आहे, भलामोठा, नाटकी, सिनेमाच्या श्रेयनामावलीला शोभेल असा. म्हणजे वाद्यवृंद आणायची ऐपत होती आणि जिथे हवा तिथे तो आणला. जिथे यंत्र आहे तिथे यंत्रच हवं होतं. २०१२ मध्ये ‘बार्सिलोना’च्या नव्या आवृत्तीत हा फरक पुरता पुसला गेला. ऑपेरागायिका मोन्सेरात काबालियेबरोबरच्या १९८८ च्या त्या अल्बममध्ये बराचसा वाद्यवृंद सिंथेसायझरवर उभा केला होता. तो काढून तिथे प्रागचे जिवंत वादक बसवले.

इथवर माझा युक्तिवाद मला पटतो. अडचण करतो तो फ्रेडी स्वतः. क्वीनचा व्यवस्थापक जिम बीच याने सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. माझ्या गाण्यांचं काय वाटेल ते करा, फक्त मला कंटाळवाणा करू नका, असं त्याने बजावलं होतं. संचाचं नाव त्यावरूनच आलं. ज्याच्या हक्कासाठी मी भांडतो आहे, त्याने तो हसत हसत देऊन टाकला होता. एकनाथांच्या नेमका उलटा आदेश. मूळ पाठाचं पावित्र्य ही मग माझ्यासारख्या श्रोत्याची गरज ठरते. तीस-पस्तीस वर्षं एका विशिष्ट घुमाऱ्याला सरावलेल्या कानाची ती कुरकुर आहे.

पण परवानगीला त्याने अट घातली होती, आणि ती मूळ प्रतीशी निष्ठा राखण्याची नाही, परिणामाची आहे. ती लावून पाहिली तर निकाल चमत्कारिक लागतात. १९९३ चा उथळ, नाचरा ठेका पास होतो. त्यात एकटेपणाचं गाणं हजारोंच्या पायांखाली येतं, आणि ही विसंगती त्याला आवडली असती असं वाटतं. १९९५ चं क्वीन काठावर पास. २०१९ ची आवृत्ती नीटनेटकी आहे, आणि नीटनेटकेपणा हा त्याचा गुण कधीच नव्हता, तेव्हा तिला मी जेमतेम पुढे ढकलीन. प्रागच्या वाद्यवृंदाला मात्र माझ्याकडून गुण मिळणार नाहीत. १९८८ च्या त्या खोट्या व्हायोलिनांत एक निर्लज्ज थाट होता, राजवाड्याचा रंगवलेला पडदा असावा तसा. प्रागची व्हायोलिनं खरी आहेत, सुरेल आहेत, शिस्तीची आहेत, आणि तिसऱ्या गाण्यापाशी मला जांभई येते.