अंधारातले शेजारी

१९३६ साली दोन गोष्टी घडल्या. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला; आणि पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी ‘विजिलांती कुरा’ हे परिपत्रक काढले. चित्रपट एकेका व्यक्तीशी नव्हे, तर समुदायाशी बोलतो, आणि तेही अंधाऱ्या सभागृहात, मन सैलावलेले असताना, ही चिंता त्यात व्यक्त झाली होती. सेमिनरीत आम्ही ते अभ्यासले व पुढे प्रवचनांतून तोच इशारा देत राहिलो.

ज्याची चिंता वाहिली, तो समुदायच आता पांगला आहे. जत्रेतील तंबू विरळ झाले, शहरांतील एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक मिटली, मल्टिप्लेक्सचे तिकीट चार-पाच जणांच्या कुटुंबाला झेपेनासे झाले. मार्च २०२० मध्ये महामारीने सारेच पडदे बंद केले, तेव्हा घरातल्या घरात पाहण्याची सवय पक्की झाली. चित्रपट पाहणे मात्र कमी झालेले नाही. पुनरुत्थानकाळात घरे आशीर्वादित करण्यास गेलो असता एका आजीबाईंनी आम्हांला हळूच विचारले, “फादर, हा पोरगा एकटाच कशाला हसतो?” नातू कानांत इअरफोन घालून मोबाईल पाहत होता. आजी त्याच्याच बाकावर बसल्या होत्या.

एकत्र हसण्यात नैतिक ते काय, असे कोणी म्हणेल. संत ऑगस्टीन तर उलटच सांगतात. त्यांचा मित्र अलिपियस याला सोबत्यांनी ओढून रोमच्या आखाड्यात नेले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण गर्दीची आरोळी उठताच ते उघडले आणि रक्तपात पाहून तो तिथेच धुंद झाला. गर्दी माणसाला खाली ओढते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु एकांतात ओढणारे कोणी नसते, तसे आवरणारेही नसते. शेजारी लेक बसलेली असली की बापाची नजर आपोआप खाली जाते. बंद खोलीत ती कशासाठी जाईल? चांगल्याचेही तसेच आहे. दांभिक सालोमालोची फजिती पाहून सावकार आणि त्याचा ऋणको एकाच वेळी हसले असतील (पिटाचा व बाल्कनीचा दर वेगळा होता, हे खरे!), तर त्या क्षणापुरते का होईना, दोघांना एकच गोष्ट खोटी वाटली होती. आपल्या विवेकाला दुसऱ्याच्या विवेकाची अशी साक्ष लागते. ती आता मिळावी कुठे?

टाळेबंदीत आम्ही रिकाम्या बाकांसमोर, कॅमेऱ्याकडे पाहून मिस्सा अर्पण केली. अभिवादनाला उत्तर देणारे कोणी नव्हते. काही घरांना ती सोय इतकी रुचली की अजूनही रविवारी त्यांचे पाय चर्चकडे वळत नाहीत. त्यांना दोष तरी कसा द्यावा? चित्रपटगृहातील गर्दीला भिऊन ‘घरीच बरे’ असे सांगणाऱ्यांत एके काळी आम्हीही होतो.

येत्या सणाला चर्चच्या पटांगणात पांढरे कापड ताणून चित्रपट दाखवायचा आहे. खुर्च्यांची सोय झाली. चित्रपट कोणता, यावर पॅरिश कौन्सिलचे अजून एकमत झालेले नाही.