थकला बैल कुणाचा?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. जूमुळं घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमचे आजोबा थकल्या बैलालाही हे आवतण देत. तो औताला चालेनासा होऊन तीन-चार वर्षं झालेली. शेजारी विचारायचे, "आबा, कशापायी पोसताय?"

"बारा वर्सं ओढलंय त्यानं. त्याचं देणं हाय माझ्याकडं."

हा हिशेब मला पटतो. पण तो प्रत्येकाला झेपेल का? २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कत्तलीला देता येत नाही. जीव वाचला, वैरण मात्र मालकाच्याच माथी राहिली. दुष्काळात कडबा विकत घेणाऱ्याला भूतदया काय शिकवायची? तरीही रात्री दावं सोडून बैल परक्या शिवारात हाकलला, तर ती मुक्या जनावराची फसवणूकच. काठ्या खात, उपाशी फिरत मरणं त्याच्या वाट्याला येतं.

त्यानं नांगरलेल्या रानातली ज्वारी गावानं खाल्ली, शहरानंही खाल्ली. मग त्याच्या म्हातारपणाच्या पेंढीत सगळ्यांनीच वाटा उचलायला नको का?