थडग्यावरची ओल

हॅम्बुर्गच्या ओल्सडोर्फ दफनभूमीत शहराच्या बसगाड्या आतून धावतात. १८७७ साली सुरू झालेल्या या जागेचा पसारा ३८९ हेक्टरांचा. म्हाताऱ्या माणसाने हातात झारी आणि खुरपं घेऊन नवऱ्याच्या किंवा आईच्या थडग्यापर्यंत चालत जायचं म्हटलं तर दमछाक व्हावी. तरी माणसं जातात. नोव्हेंबरात तर जास्तच. अ‍ॅडव्हेंट हा नाताळपूर्व काळ सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार हा प्रोटेस्टंट जर्मनांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने १८१६ मध्ये तो ठरवून दिला. दरवर्षी या रविवारआधी थडग्यावरचे उन्हाळी बेगोनिया उपटायचे, हेदरची रोपं लावायची आणि उरलेली माती सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्यांनी झाकायची, ही कामं उरकलेली असतात.

मातीचं काम मात्र त्याच्या बरंच आधी सुरू होतं. कबर खणताना खालची निकस, चिकट माती वर येते आणि वरची कसदार माती खाली गाडली जाते. भरलेला खड्डा कित्येक महिने खचत राहतो, म्हणून दगड बसवायला सहा महिने ते वर्षभर थांबतात. मग वरचा वीतभर थर मोकळा करून त्यात कंपोस्ट मिसळायचं; माती फारच चिकण असली तर थोडी जाडी वाळूही. दुकानात खास थडग्यांसाठी म्हणून काळीभोर माती पिशवीत मिळते. फुलं तिच्यावर उठून दिसतात, पण तिच्यात पीट भरपूर असतं. ते एकदा खडखडीत वाळलं की पाणी आत घेत नाही आणि झारीतलं निम्मं पाणी शेजारच्या थडग्याकडे ओघळतं. शेजाऱ्यांचं भलं होतं म्हणायचं.

एवढं करून मेलेल्याला काय पोचतं? ल्यूथरच्या परंपरेचं उत्तर सरळ आहे: काही नाही. १५१७ मध्ये त्याने पापमुक्तीच्या पत्रांवर हल्ला चढवला तोच मुळी मृतात्म्यांची सुटका पैशाने होते या दाव्यावरून. गेलेला माणूस देवाच्या स्वाधीन. जिवंतांच्या कंपोस्टचा तिथे संबंध नाही. गंमत अशी की ज्या धर्माने हा हिशेब बंद केला, त्याच्याच लेकरांनी थडग्यांच्या बागा इतक्या निगुतीने राखल्या. दफनभूमीचे नियमही सोडत नाहीत. थडगं ओसाड दिसलं तर वारसांनी कार्यालयाशी संपर्क साधावा, अशी छोटी चिठ्ठी दगडावर चिकटवली जाते. ज्यांना जमत नाही ते माळ्याकडे अनेक वर्षांचे पैसे आगाऊ भरून मोकळे होतात. काम चोख होतं, यात शंका नाही. पण ते कुणाच्या नावावर जमा धरायचं, हा प्रश्न उरतो.

मेलेल्याला काय पोचतं, हा प्रश्न इस्लामी परंपरेत एका ओल्या फांदीवर येऊन थांबतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांतली कथा अशी: दोन कबरींवरून जाताना पैगंबरांनी सांगितलं की आतल्या दोघांना यातना होत आहेत. एक लघवीच्या शिंतोड्यांपासून जपत नसे, दुसरा चुगल्या करत असे. त्यांनी खजुराची हिरवी फांदी मधोमध चिरली, एकेक तुकडा एकेका कबरीवर रोवला आणि या सुकेपर्यंत कदाचित यातना हलक्या होतील, असं म्हटलं. पुढे पैगंबरांचे सोबती (सहाबी) बुरैदा यांनी आपल्या कबरीवर दोन फांद्या ठेवायला सांगून ठेवलं. पण बुखारीच्या त्याच प्रकरणात दुसरे सहाबी इब्न उमर एका कबरीवरचा तंबू काढायला लावतात; मृताला सावली त्याच्या कर्मांचीच, असं त्यांचं म्हणणं. दहाव्या शतकातले खत्ताबी हे पंडितही फांद्या ठेवण्याच्या रूढीच्या विरोधात होते. उलट एकोणिसाव्या शतकातले दमास्कसचे हनफी पंडित इब्न आबिदीन यांनी कबरीवरचं हिरवं गवत उपटणंही नापसंत ठरवलं, कारण ओलं आहे तोवर ते ईश्वराचं स्तवन करत असतं.

मुंबईच्या कब्रस्तानांत कबरींवर सब्जा लावलेला दिसतो, तो याच समजुतीच्या सावलीत. हे रोप सोशिक असलं तरी एप्रिल-मेच्या उन्हात पाणी मागतंच. वादात दोन्हीकडचे पंडित फांदीवर बोलतात. कथेतली अट आहे ती सुकण्याची. तोडलेली फांदी चार दिवसांत वाळेल. मुळं धरलेलं रोप टिकेल, पण तेव्हाच, जेव्हा कुणी मातीत खत घालील, आळं करील, आठवड्यातून दोनदा येईल. फायदा मृताला होत असो वा नसो, येण्याचं बंधन जिवंतावर पडतं. फुलांच्या चादरीत ते नाही.

झाड मेलेल्याला जाचतं, असंही एक उत्तर आहे आणि ते महाराष्ट्राचं आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. पुढे जवळपास तीन शतकांनी ते एकनाथांच्या स्वप्नात आले आणि अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती येऊन काढ, असं म्हणाले, अशी कथा वारकऱ्यांत घरोघरी सांगितली जाते. नाथांनी आळंदी गाठली, समाधी शोधली, मुळी दूर केली. झाड मात्र कुणी तोडलं नाही. त्याच अजानवृक्षाखाली आजही ज्ञानेश्वरीची पारायणं चालतात. समाधीतला माणूस संजीवन आहे असं मानलं की माळीकामही अवघड होतं: नुसतं वाढवून भागत नाही, आवरावंही लागतं.

जर्मनीत आता वारा उलटा वाहतो आहे. हॅम्बुर्गात थडग्याची मुदत २५ वर्षांची. ती वाढवली नाही तर जागा परत जाते आणि सुधारलेली मातीही तिच्याबरोबर जाते. २००१ मध्ये कासेलजवळच्या राइनहार्ट्सवाल्डमध्ये पहिलं दफनवन सुरू झालं. तिथे झाडाच्या मुळाशी विरघळणाऱ्या कलशात अस्थी पुरतात. रोपं लावायला, फुलं ठेवायला, मेणबत्त्या पेटवायला मनाई. हा पर्याय बरेच लोक हयातीतच निवडतात, आणि त्याचं एक कारण बहुधा अगदी साधं असतं: मुलं दुसऱ्या शहरात आहेत, त्यांच्यामागे झारीचं लचांड नको. ल्यूथरला यात आक्षेपार्ह काही दिसलं नसतं. बुरैदांनी मात्र फांद्यांची सोय काय, असं आधी विचारलं असतं.