शिक्का कशाचा?

उज्जयिनीचे महाकालेश्वर मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी (आपल्या कोकणचेच ते!) यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारिले. तेथील लाडूच्या प्रसादास आता सरकारी अन्नसुरक्षेचे प्रमाणपत्र आहे. प्रसादालाही कागदाची साक्ष लागावी, हे आम्हांस प्रथम खटकले. पण तूप कसले, हे विचारण्यात पाप ते कोणते? मग मुसलमान बांधवांनी ‘हलाल’चा शिक्का पाहिला तर वावगे काय? मलेशियाने असे दाखले 1974 पासून दिले. आखाती देशांत मांस धाडणाऱ्या हिंदू व्यापाऱ्यालाही शुल्क भरून तो घ्यावाच लागतो. इथवर हा व्यवहार झाला.

मन अडखळते ते पुढे. बहुतेक दाखल्यांच्या नियमांत पशू कसा कापला एवढेच नव्हे, कापणारा मुसलमान आहे ना, हेही पाहतात. त्या कामापुरती इतरांची रोजी बंद होते. 2024 च्या जुलैत उज्जयिनीच्या महापौरांनी दुकानांवर मालकांची नावे लावावयास सांगितले. 22 जुलैस सर्वोच्च न्यायालयाने तशा सक्तीस स्थगिती दिली. तेथेही शंका पदार्थाविषयी नव्हती, माणसाविषयी होती. आणि आमच्या पंक्तीचे सोवळे? आचारी कोणत्या घरचा, हे आम्ही अजून हळूच विचारतो.