मोजणीदार : साक्षी की कर्ता?

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगराच्या अंगावर जी लेणी आहेत आणि ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांतील तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन राजाज्ञा कोरलेल्या आहेत; भूमी मोजणाऱ्या माणसाच्या धर्माचा विचार करू पाहणाऱ्याने प्रथम त्यांच्याकडे वळावे. पहिली आज्ञा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला पाठविलेली आहे : अपरकखडी गावातील, पूर्वी शक सरदार उषवदाताच्या वहिवाटीत असलेले २०० निवर्तने (त्या काळचे भूमाप) शेत डोंगरावरील भिक्षूंना दिले आहे, त्यात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, मिठासाठी ते खणू नये, आणि हे सारे दफ्तरी नोंदवून घ्यावे. दुसरी आज्ञा २४ व्या वर्षाची, राजा व राजमाता या दोघांच्या नावाने अमात्य श्यामकाला लिहिलेली. तीत सांगितले आहे की ते शेत कसले जात नाही, ते गावही वसलेले नाही, म्हणून त्याच्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत.

सहा वर्षे कागद बिनचूक होता. क्षेत्र मोजलेले होते, दान पुण्यकारक होते, नोंद झालेली होती. आणि ज्या भूमीविषयी हे सारे होते तिच्यावर नांगर फिरत नव्हता. भिक्षूंना त्यापासून एक मूठ धान्य मिळाले नसावे. मला या दुसऱ्या आज्ञेचे मोल पहिलीहून अधिक वाटते, कारण आपली नोंद सत्य असूनही निष्फळ आहे हे एका समर्थ राजाने मान्य केले आणि ते दगडावर कोरू दिले.

येथूनच माझा प्रश्न सुरू होतो. मोजणीदार जमिनीवर जे करतो ते केवळ पाहणे आणि लिहिणे आहे काय? वेदान्त ज्याला साक्षी म्हणतो तो द्रष्टा असतो, दृश्याने लिप्त होत नाही, आणि म्हणूनच त्याला कर्मफळ लागत नाही. मोजणीदारही तटस्थ असावा अशी आपली अपेक्षा असते, आणि तो स्वतःही म्हणतो की मी मालक नव्हे, राजा नव्हे, न्यायाधीश नव्हे. जे आहे ते मी टिपले. परंतु जे टिपून ठेवल्याने इतरांच्या पिढ्यांचे सुखदुःख ठरते, ते टिपणारा अलिप्त कसा राहील?

जे मोजले जाते ते नेमके काय, हेही पाहिले पाहिजे. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात विश्वजित् यज्ञाची चर्चा आहे. त्या यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. मग सार्वभौम राजाने पृथ्वीही देऊन टाकावी काय, असा प्रश्न येतो. जैमिनीचा निर्णय नकारार्थी आहे, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. आणि शबरस्वामी त्याचे विवरण करताना सांगतात की शेतांचे धनी असलेली माणसे दिसतात, अखिल पृथ्वीगोलाचा धनी कोणी दिसत नाही. राजाला त्याच्या रक्षणाबद्दल पिकाचा वाटा मिळतो, एवढेच. यज्ञातील दक्षिणेच्या निमित्ताने का होईना, आमच्या शास्त्रकारांनी शेत आणि पृथ्वी यांच्यामध्ये स्पष्ट भेद केला, आणि तो भेद मोजणीदाराच्या व्यवसायाचा पाया आहे असे मी मानतो. पृथ्वी त्याच्या साखळीत सापडत नाही. माणसाने कसून, राखून, सोसून जो हक्क उभा केला आहे त्याची कड तो शोधतो. कसणाऱ्याला वगळून केलेली मोजणी म्हणूनच कोरडी राहते, मग ती सातवाहनांची असो वा आपली.

साखळी येण्यापूर्वी महाराष्ट्रात काठी होती. शिवकालात अण्णाजी दत्तोंनी केलेल्या मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्या लांब व तितक्याच रुंद जमिनीचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर, असे सभासदाच्या बखरीवरून कळते. मात्र दोन गावांच्या शिवेचा कज्जा उठला की काठी बाजूला राही आणि देवाची साक्ष काढली जाई. गोताच्या मजलसीपुढे एखादा पुरुष डोक्यावर माती घेऊन शीव चालून जाई, आणि ठरलेल्या मुदतीत त्याच्यावर आपत्ती कोसळली नाही तर तो चालला ती शीव खरी ठरे. किंवा उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढावा लागे, मग हात पिशवीत बांधून मोहोर केली जाई आणि काही दिवसांनी तो उघडून पाहत. या दिव्यांमागची श्रद्धा प्रामाणिक होती यात मला संशय नाही. पण तापलेले तेल सत्यवादी आणि असत्यवादी यांच्या कातडीत भेद करीत नाही, आणि ज्या न्यायात निरपराधाचा हात भाजू शकतो तो न्याय गेला हे चांगलेच झाले. त्याच व्यवस्थेत एक गोष्ट मात्र अशी होती की जिची हानी खरोखर झाली. शिवेच्या वादात गावच्या महाराची साक्ष प्रमाण धरली जात असे. ज्याला देवळात पाऊल टाकू दिले जात नव्हते त्याच्या स्मृतीवर सबंध गावाची हद्द उभी होती, कारण तो ती रोज पायांनी चालत होता.

इंग्रजी अंमलात प्रथम प्रिंगल यांनी १८२७ च्या सुमारास पुणे प्रांतात मोजणी व प्रतवारी चालविली. शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवावा हा सिद्धान्त त्यांनी विलायतेच्या अर्थशास्त्रातून घेतला होता. पण मोजणी करणारे हाताखालचे लोक लाच खाऊन प्रत चढवू अथवा उतरवू लागले, आकार जड झाला आणि इंदापुराकडील रयत शेते टाकून गेली. तेथे १८३५ नंतर गोल्डस्मिड हे मुलकी अधिकारी व लेफ्टनंट विंगेट हे लष्करी इंजिनियर यांनी नव्याने आरंभ केला, आणि १८४७ साली डेव्हिडसन यांच्यासह जो संयुक्त अहवाल लिहिला त्यावर मुंबई इलाख्याची सारी जमाबंदी उभी राहिली. चांदवड, दिंडोरी, सिन्नर, नाशिक या आपल्या तालुक्यांत ही मोजणी १८४० नंतरच्या दशकात फिरली.

ती पद्धत तपशिलाने पाहण्यासारखी आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. शेताच्या मध्यातून एक रेषा धरून दोन्ही बाजूंच्या बांधांपर्यंत लंब मोजायचे आणि ते टिपणात उतरवायचे. प्रतवारीसाठी शेताचे भाग पाडून ठिकठिकाणी खड्डे घेत; मातीची खोली पावणेदोन हात भरली तर प्रत उत्तम, पाव हातावर आली तर निकृष्ट; शिवाय चुनखड, वालसर, उतार, उपळ असे दोष खुणांनी दाखवीत आणि त्या मानाने आणे कमी करीत. आकार ठरला की तो तीस वर्षे बदलत नसे. एका कारकुनाने एका उन्हाळ्यात, एका खड्ड्याशी उभे राहून सोळा आणे लिहिले की बारा, यावर एका घरातल्या मुलांचे तीस वर्षांचे अन्न अवलंबून होते. अशा हाताला साक्षी म्हणण्यास माझे मन धजत नाही. तो कर्ताच होय, आणि त्याच्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या वाट्याला जाते म्हणून त्याचे उत्तरदायित्व उलट वाढते.

याच शतकात सातासमुद्रापलीकडे कॅनडातील विस्तीर्ण गवताळ प्रदेशात सरकारी मोजणीदार एकसारखे चौकोन आखू लागले होते. त्या भूमीवर आधीच राहणाऱ्या मेटी लोकांच्या नदीकाठच्या लांबट शेतांना त्या चौकोनात जागा नव्हती. १८६९ च्या ऑक्टोबरात त्यांचा पुढारी लुई रिएल व त्याच्या सोबत्यांनी साखळीवर पाय ठेवून ते काम थांबविले. आपल्याकडेही १८५२ साली खानदेशात सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत रयत मोजणीविरुद्ध उठली होती आणि फौज आणून ती दडपण्यात आली. तरी दोन्हींत एक अंतर आहे व ते मला महत्त्वाचे वाटते. दख्खनच्या मोजणीदाराला असलेल्या बांधामागे जावे लागले. त्याचे टिपण वेडेवाकडे, कोनाकोनांचे आहे, कारण शेतेच तशी होती. पूर्वजांनी ओढा पाहून, खडक टाळून, भावाभावांत वाटून जे केले होते त्याच्यापुढे साखळी वाकली.

या मोजणीदारांच्या खाजगी कागदांतून त्यांचे अंतःकरण शोधावे तर हाती थोडेच लागते. टिपणात आणे व गुंठे आहेत, लिहिणाऱ्याचे मन नाही. विंगेट मात्र याला अपवाद ठरले. रयत सावकाराच्या पाशात सापडत आहे असा इशारा त्यांनी १८५२ मध्येच सरकारला दिला होता. १८७५ साली सुप्यापासून पेटलेल्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनी तो खरा ठरविला. निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावर १८५९ साली त्यांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या आर्थिक संबंधांवर एक लहानसे पुस्तक लिहिले आणि हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणारा पैसा ही खंडणी आहे, ती न्याय्य नाही, असे निर्भीडपणे मांडले. पुढे दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त यांनी त्यांचा आधार घेतला. ज्याने प्रत्येक शेताचा आकार ठरविला त्यानेच तो आकार अखेर कोठे जातो हे विचारावे, यात मला कर्तृत्वाची खरी जाणीव दिसते. आपण केवळ मापले, असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत.

ही जाणीव आज नाशिक जिल्ह्यात फार हवी आहे. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते ज्यांनी शिवा राखल्या पण ज्यांच्या नावे सर्व्हे नंबर लागला नाही अशांसाठी होते. त्यानंतर २०१८ च्या मार्चमध्ये सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी येथील आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले. त्यांची मुख्य मागणी अशी होती की २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेली जी जमीन आमची ठरते, ती पुरतेपणी मोजून आमच्या नावे करा; कसतो त्यापेक्षा कमी क्षेत्राचा पट्टा हाती पडल्याची तक्रार त्यांच्यात सर्वत्र होती. त्या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकत हाही पुरावा मानला आहे. पायांनी शीव जाणणाऱ्या माणसाची साक्ष अशा रीतीने दफ्तरात पुन्हा प्रमाण झाली आहे.

म्हणून मोजणी खात्यातील बंधूंना माझी विनंती आहे : पेठ-सुरगाण्याच्या उतारावर यंत्र मांडण्याआधी त्या पाड्यातील म्हाताऱ्यांना बरोबर घ्या, त्यांच्यासह शेताची कड चालून जा, ते जे सांगतील ते टिपणाशेजारी लिहून ठेवा, आणि कागदावरचे क्षेत्र कसलेल्या जमिनीहून कमी भरले तर मोजणी पुन्हा करा.