झाडाखालची चिंच कोणाची?

रस्त्यावर पडलेले फळ उचलणे ही चोरी आहे काय? प्रश्न लहान वाटतो. परंतु मस्कतमधील एका चिंचेच्या झाडामुळे तो माझ्यापुढे उभा राहिला आणि अद्याप त्याने माझा पिच्छा सोडलेला नाही.

१९८३ साली मी नोकरीनिमित्त रुवी भागात सहकुटुंब राहत होतो. गल्लीतील एका ओमानी गृहस्थांच्या कुंपणाबाहेर चिंचेची मोठी फांदी आली होती. अरबीत चिंचेला 'तमर हिंदी' म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हणतात. परमुलखात असे नाव ऐकले की आपला हात हक्काने पुढे होतो! पुरीमच्या सुमारास पिकलेल्या चिंचा खाली पडू लागल्या. मी मालकांना विचारले. "हव्या तितक्या न्या," असे त्यांनी हसून सांगितले.

मग घरी पन्हे होऊ लागले. चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळायची, चिंचोके व शिरा काढून गाळायची, त्यात गूळ, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची. एकदा गूळ संपला तेव्हा खजुराचा पाक घातला. तेही छान लागले. पेसाहनंतर उकाडा वाढला, तशा आम्ही पिशव्या भरभरून चिंचा आणल्या आणि वर्षाच्या बेगमीसाठी बरण्या भरल्या.

एके दिवशी गल्ली झाडणारा केरळी मजूर रिकामी पिशवी घेऊन झाडाखाली उभा दिसला. चौकशी केली तेव्हा कळले की, आम्ही राहायला येण्यापूर्वी तोच ती चिंच वेचून नेई आणि खोलीतील सोबत्यांसाठी माशाच्या कालवणात घाली. त्याने तक्रार केली नाही. "साहेब, तुमच्या घरी मुलं आहेत, न्या तुम्ही," एवढेच तो म्हणाला. त्या दिवशी पन्हे माझ्या घशाखाली उतरले नाही.

मालकाची परवानगी होती; मग माझे चुकले कुठे? तोरा सांगते (अनुवाद २३) की शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात पोटभर खावे, पण आपल्या भांड्यात भरू नये. ही मुभा मळ्यात राबणाऱ्या मजुरासाठी आहे, असा अर्थ आपल्या धर्मशास्त्र्यांनी लावला आहे. लेवीय १९ मध्ये शेताची कड गरीब व परदेशी यांच्यासाठी सोडण्याची आज्ञा आहे. मिश्नेत ती खजूर, डाळिंब अशा झाडांनाही लागू केली आहे. हा वाटा कोणत्या गरिबाला द्यावा हे ठरवण्याचा अधिकारही मालकाला नाही, कारण ते दान नसून गरिबाचा हक्क आहे.

मी मनाशी म्हटले, मीदेखील परदेशीच की! परंतु माझ्या घरी भरपूर पगार आणि फ्रिज होता. मजुराची गरज त्या दिवसाच्या कालवणाची होती. माझी हाव वर्षभराच्या बरणीची होती.

दुसऱ्या दिवशी दोन बरण्या मी त्याला नेऊन दिल्या. त्याने एक ठेवली, एक परत केली. पुढल्या वर्षी त्याचे वेचून झाल्यावरच आम्ही झाडाखाली गेलो. पन्हे कमी झाले, पण त्याचा एक तांब्या त्याच्याकडे जात असे.

आज आपली पुष्कळ कुटुंबे अश्दोद, लोद, दिमोना येथे आहेत. तेथेही वस्त्यांतून तुती आणि शेसेक पिकतात, आणि मुले हात-तोंड रंगवून घरी येतात. त्यांनी खुशाल खावे. मात्र घरातून भांडे घेऊन निघताना दोन प्रश्न विचारावेत : झाड कोणाचे आहे, आणि आपल्या आधी येथे कोण वेचत होते? पहिला प्रश्न आपण सारेच विचारतो. मी दुसरा विचारायला विसरलो होतो.